खिशाला खिसा लागला तर

रविवारी संध्याकाळी सातारा स्टँडवर पुण्याची विनाथांबा लागली की जी झुंबड उडते ती ज्यानं अनुभवलीय त्याला पाकीटमारी कशी होते हे समजावून सांगायची गरज नाही. एक पाय पायरीवर, एक हात दांडीला, दुसऱ्या हातात बॅग, मागून कुणाचं तरी कोपर बरगडीत आणि मागचा खिसा देवाच्या भरवशावर. म्हणून आपल्याकडं प्रत्येकानं आपापला बंदोबस्त करून ठेवलेला असतो. आजोबा बंडीच्या आतल्या खिशात पैसे ठेवून वर सेफ्टीपिन लावायचे, आईची छोटी पर्स सगळ्या आयांची असते तिथंच असते, आणि मामा पाकीट पुढच्या खिशात घालून वर एक हात असा ठेवतात की कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले तरी तो हात हलत नाही, पैसे मामींनी काढायचे. ह्या सगळ्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की चोर असला तरी त्याला हात घालावा लागणार.

आण्णांचं एटीएम कार्ड मुदत संपली म्हणून बँकेनं नवीन पाठवलं आणि त्यावर ती आडवी वायफायसारखी खूण आली, म्हणजे कार्ड खाचेत न घालता मशीनला नुसतं टेकवून, टॅप करून, पैसे देता येतात, तेव्हा हे गणित बिघडलं. त्यातच फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ फिरत होता, तुम्हालाही आला असेल, एक माणूस गर्दीत स्वाइप मशीन घेऊन फिरतोय, लोकांच्या मागच्या खिशाला हळूच लावतोय आणि मशीनमधून टर्रकन पावती बाहेर येतेय, खाली लाल अक्षरात 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. आण्णा रिटायर्ड मुख्याध्यापक, ग्रुपवर येणाऱ्या काढ्यांवर आणि चमत्कारांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण विषय पेन्शनचा होता. मी शनिवारी घरी गेलो तर कार्ड चपात्या गुंडाळायच्या फॉईलमध्ये गेलेलं, चारी कडा नखानं दाबून नीट दुमडलेल्या. आई म्हणाली, "विचार त्यांना, माझा निम्मा रोल कुठं गेला ते."

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोला. पण फॉईल काम करतं. आणि का करतं हे कळायला कार्डाच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं.

आण्णांना प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पटत नाही म्हणून रात्री लाईट घालवून आम्ही कार्डामागं मोबाईलची टॉर्च धरली. गडद कार्डात काही दिसत नाही पण आईचं कार्ड फिकट आहे, त्यात कडेकडेनं फिरत गेलेली बारीक तार दिसली, काही वेढे, आणि ते वेढे येऊन चिपपाशी थांबतात. हा अँटेना. कार्डात बॅटरी नाही, सेल नाही, काहीच नाही. दुकानातलं मशीन स्वतःभोवती एक चुंबकीय क्षेत्र तयार करतं, सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावणारं, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ, ते क्षेत्र ह्या तारेच्या वेढ्यांतून गेलं की तारेत वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन बोलायला लागते. मायकल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेली गोष्ट, आण्णा आयुष्यभर आठवी-नववीच्या पोरांना हेच शिकवत आले, त्यामुळं पुढचं मला सांगावंच लागलं नाही. मध्ये धातूचा पत्रा आला की त्या पत्र्यातच प्रवाह फिरायला लागतात आणि क्षेत्र पुढं जात नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, वर "फॉईल उगाच नाही लावलं" हेही.

मग फोनमध्ये एनएफसी, म्हणजे कार्डाशी अगदी जवळून बोलायची सोय, चालू करून कार्ड वाचणारं एक ॲप टाकलं, फुकट मिळतात. फोनच्या पाठीला कार्ड टेकवलं तर आधी काहीच नाही, कारण फोनचा अँटेना नेमका कुठं आहे ते शोधत कार्ड वरखाली सरकवावं लागतं, मग एका जागी फोन थरथरला आणि स्क्रीनवर कार्डाचा सोळा आकडी नंबर आणि एक्स्पायरी डेट, दोन्ही उघडं. आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही आला नाही, तो येतच नाही, तो फक्त छापलेला असतो, चिप तो हवेतून कुणाला सांगत नाही. नावही आलं नाही, जुनी काही कार्डं नाव सांगायची. पिन तर प्रश्नच नाही. कार्ड दोनतीन बोटं लांब नेलं की फोन गप्प. पाकिटात घालून, पाकीट पँटच्या खिशात, तर अजिबात नाही. दोन टॅपवाली कार्डं एकमेकांना चिकटवून धरली तर ॲप गोंधळलं, कधी एक वाचायचं कधी काहीच नाही. आणि फॉईलमधलं कार्ड म्हणजे नुसता दगड.

फोन म्हणजे दुबळं मशीन, हे मान्य. मोठा अँटेना आणि जास्त ताकद लावली तर अंतर थोडं वाढवता येतं, पण फार नाही, कारण वेढ्यापासून थोडं लांब गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनात पडतं, अंतर दुप्पट केलं तर ताकद साधारण आठव्या हिश्श्यावर. शिवाय कार्डालाही तेवढ्याशा विजेवर उलट उत्तर द्यायचं असतं. रस्त्याच्या पलीकडून कुणी कार्ड वाचतंय वगैरे गप्पा सोडून द्या. चिकटून उभं राहावं लागतं. पण मग आपली विनाथांबाची रांग काय असते हो? तिथं माणूस माणसाला चिकटलेलाच असतो. म्हणून मी आण्णांची भीती वेडेपणात काढत नाही.

बरं, घेतला त्यानं नंबर आणि एक्स्पायरी. पुढं? लोकांना वाटतं की आता तो तसंच दुसरं कार्ड बनवणार. जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डाचं ते व्हायचं, पट्टीवर जे लिहिलंय ते कायम तेच, एकदा उतरवून घेतलं की झालं, म्हणून तर नुसत्या पट्टीवाली कार्डं २०१८ च्या शेवटाला बंद करून सगळ्यांना चिपची घ्यायला लावली. चिपचं तसं नाही. चिप प्रत्येक व्यवहाराला एक नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यासाठी लागणारी किल्ली चिपच्या आतच असते आणि ती कधी बाहेर येत नाही, आणि कितवा व्यवहार आहे हेही ती मोजत असते. एसटीचं तिकीट कसं त्या गाडीला, त्या फेरीला चालतं, कालचं तिकीट आज कंडक्टरपुढं धरलं तर तो काय म्हणेल ते तुम्हाला माहितीय, तसंच हे. चोरलेला आकडा परत लावला की बँक नाही म्हणते.

ही भीती मुळात अगदीच हवेतली नाही हेही सांगितलं पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत श्मूकॉन नावाच्या हॅकर लोकांच्या संमेलनात क्रिस्टिन पॅजेट ह्या संशोधक बाईंनी स्टेजवर एका स्वयंसेवकाचं कार्ड वायरलेस वाचलं, ती माहिती कोऱ्या पट्टीच्या कार्डावर उतरवली आणि मोबाईलला लावायच्या छोट्या रीडरवर ते घासून स्वतःच्या खात्यात १५ डॉलर घेतले, सगळ्यांसमोर. तेव्हा तिकडची टॅपची कार्डं पट्टीचीच नक्कल करायची, म्हणून ते जमलं, आणि तेही एकाच व्यवहारापुरतं. आपल्या आजच्या चिपच्या कार्डावर तो प्रयोग तसाच्या तसा चालणार नाही. पण बातमी राहते, प्रयोगातल्या अटी विसरल्या जातात, आणि त्या बातमीवर आतून धातूचा थर लावलेल्या 'आरएफआयडी' पाकिटांचा एक अख्खा धंदा उभा राहिला.

आता तो व्हिडिओतला मशीनवाला. मशीन खिशाला लावून पैसे कापता येतील का, तर ज्या कार्डाचं टॅप चालू आहे त्यातून तांत्रिकदृष्ट्या येतील, पाच हजारांच्या आत पिन मागत नाहीत. ही मर्यादा आधी दोन हजार होती, रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून पाच केली. पण ते मशीन कुणाला असंच मिळत नाही. बँकेत व्यापारी म्हणून खातं, केवायसी, दुकानाचा पत्ता, आणि कापलेले पैसे त्याच्या खिशात नाही तर त्याच खात्यात जमा होणार. म्हणजे चोरानं चोरी करताना प्रत्येक पाकिटात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकून जायचं असा प्रकार. चार लोकांनी तक्रार केली की खातं गोठलं. खोट्या कागदांवर खाती उघडणारे असतात, नाही असं नाही, पण असली खाती ज्यांच्याकडं आहेत ते स्टँडवर घामाघूम होत खिसे चाचपत बसणार नाहीत, ते खोलीत बसून फोन करतात.

असंच फास्टॅगचं झालं होतं. जून २०२२ मध्ये एक व्हिडिओ आला, सिग्नलवर एक पोरगा गाडीची काच पुसतोय आणि त्याच्या हातातलं घड्याळ म्हणे फास्टॅग स्कॅन करून पैसे काढतंय. फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं लगेच सांगितलं की असं होऊ शकत नाही, फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणी केलेल्या टोल आणि पार्किंगवाल्यांकडंच जातात, माणसाकडून माणसाकडं जायची वाटच त्यात नाही. ते कुणी वाचलं नाही. आमचे एक पाहुणे त्यानंतर कितीतरी दिवस आनेवाडी टोलनाका जवळ आला की काचेवरच्या स्टिकरवर आतून रुमाल धरायचे, आणि मग टोलच वाचला जाईना म्हणून मागच्यांचे हॉर्न खायचे.

पण आमच्या घरातली खरी गंमत पुढंच आहे. आण्णांना म्हणलं चला आता प्रत्यक्ष टॅप करून बघू, म्हणून पोवई नाक्याकडं पेट्रोल भरायला गेलो आणि कार्ड मशीनला टेकवलं तर व्यवहार नाकारला. परत टेकवलं, परत तेच. शेवटी कार्ड खाचेत घालून पिन टाकला तर लगेच झालं. ॲपमध्ये बघितलं तर टॅपचं बटण बंदच होतं. आणि ते बंदच यायला पाहिजे, कारण रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये काढलेला आणि १६ मार्च २०२० पासून लागू झालेला नियमच तसा आहे, की नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला खाचेत घालून चालावं, बाकी ऑनलाईन, परदेशी व्यवहार, टॅप हे सगळं बंद, ज्याला पाहिजे त्यानं स्वतः चालू करायचं. आणि चालू-बंद करायची, मर्यादा कमीजास्त करायची सोय बँकेनं चोवीस तास द्यायची. म्हणजे आण्णांनी जी गोष्ट फॉईलमध्ये गुंडाळून ठेवली होती ती कधी चालूच झालेली नव्हती.

आण्णा मास्तर आहेत, त्यांनी लगेच बरोबर शंका काढली. टॅप बंद होतं तर मग परवा रात्री फोननं नंबर कसा वाचला?

ह्या प्रश्नावर मी थोडा वेळ गप्प झालो, कारण सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे. बटण कार्डात नसतं. आपण ॲपमध्ये टॅप बंद करतो तेव्हा बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद होते की ह्या कार्डाचा टॅपचा व्यवहार आला तर नाकारा. खिशातल्या चिपला त्याचा पत्ताच नसतो, तिला वीज मिळाली की ती आपली उठून नंबर सांगणार. म्हणजे बटणानं पैसे अडतात, नंबर अडत नाही. फॉईलनं किंवा त्या आरएफआयडी पाकिटानं नंबर अडतो, पण एकदा कार्ड बाहेर काढून दुसऱ्याच्या हातात दिलं की फॉईलचा काही उपयोग नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत आणि दुकानदार पाकीट विकताना दुसरं काम पहिल्याच्या नावावर खपवतो.

मग नंबर गेला तर काय बिघडतं? आपल्या देशातल्या साईटवर फारसं काही नाही, इथं ऑनलाईन व्यवहाराला २००९ पासून जादाची पडताळणी सक्तीची आहे, ओटीपी किंवा तसल्याच दुसऱ्या पडताळणीशिवाय गाडी सहसा पुढं जात नाही. पण परदेशातल्या साईटना हा नियम लागू नाही, तिथं ओटीपी विचारतीलच असं नाही, आणि काही ठिकाणी तर सीव्हीव्हीसुद्धा न घेता नंबर आणि तारखेवर माल देतात. म्हणून ॲपमधलं 'इंटरनॅशनल' बंद ठेवणं हे माझ्या मते पाचशेच्या पाकिटापेक्षा मोठं काम आहे आणि फुकटातलं आहे. साताऱ्यात राहून पेन्शन खाणाऱ्या माणसाला परदेशी व्यवहार लागतो कशाला? मुलगी अमेरिकेत असेल आणि तिकडं जाणार असाल तर त्या महिन्यापुरतं चालू करा. आणि ज्यांना टॅपची सवय लागलीय त्यांनी शक्यतो फोनमधून टॅप करावं, फोन लॉक उघडल्याशिवाय पैसे देत नाही आणि दुकानाला कार्डाचा खरा नंबर न देता त्याच्या जागी दुसराच आकडा, म्हणजे टोकन, देतो.

कार्डाचा मोठा धोका तसाही हवेतून नाहीच. कार्ड हरवलं, टॅप चालू आहे, तर ज्याला सापडलं तो पाच हजारांच्या आतली खरेदी पिनशिवाय करत सुटतो, बँकेची दिवसाची मर्यादा संपेपर्यंत किंवा आपण ब्लॉक करेपर्यंत. म्हणून ती मर्यादा ॲपमध्ये खाली आणून ठेवायची. आणि पेट्रोल पंपावर, हायवेच्या हॉटेलात, पोरगा कार्ड घेऊन आत जातो ना, तिथं जायचं त्याच्या मागोमाग, लाजायचं काही नाही. टॅप करायच्या आधी स्क्रीनवरची रक्कम वाचायची. दोनशेच्या जागी दोन हजार पडायला चोर लागत नाही, एक शून्य पुरतं.

पण चोरांचं लक्ष आता कुठं आहे ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट ह्या सुरक्षा कंपनीनं एनगेट नावाच्या मालवेअरची, म्हणजे चोरट्या ॲपची, माहिती दिली, चेक प्रजासत्ताकातल्या बँकांच्या ग्राहकांवर ते वापरलेलं होतं. जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी बनवलेल्या एका साधनावर ते उभं केलेलं. आधी मेसेज, मग बँकेतून बोलतोय म्हणून फोन, मग हे ॲप टाका, मग एनएफसी चालू करा, कार्ड फोनच्या पाठीला धरा आणि पिन टाका. तुम्ही कार्ड धरलं की तुमच्या फोननं वाचलेलं सगळं तिकडं चोराच्या फोनवर, आणि चोर तो फोन एटीएमला लावून पैसे काढतो, जसं काही तुमचं कार्डच तिथं हजर आहे. कालच्या तिकिटाची अडचण इथं येत नाही, कारण हे तिकीट आत्ताचंच असतं, फक्त गाडी भलतीकडं उभी. चार सेंटिमीटरचं अंतर, चिपची किल्ली, सगळं शास्त्र जागेवर आणि तरी पैसे गेले, कारण चोर जवळ आलाच नाही, त्यानं आपल्यालाच कार्ड घेऊन जवळ यायला लावलं.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले. पाकिटावरचा हात न काढणारे तेच. त्यांना 'तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होईल' असा मेसेज आला, खाली नंबर, त्यांनी फोन केला, समोरचा इतका अदबीनं बोलला की मामींना वाटलं कुणी ओळखीचा साहेब आहे, आणि त्यानं सांगितलेलं ॲप टाकून दहा रुपये भरायला गेले. किती गेले ते लिहीत नाही, अजून घरात तो विषय निघाला की चहा गार होतो. मुद्दा असा की खिशाला हात लावणाऱ्याचा बंदोबस्त आपण पिढ्यानपिढ्या शिकलोय, पण अदबीनं बोलणाऱ्याचा नाही शिकलो, उलट अदबीनं बोलणाऱ्याला पाणी विचारायचं हे शिकलोय. हवेतून चोरी होईल म्हणून फॉईल आणणारा माणूस फोनवर स्वतःचा पिन टाकतो ह्यात मला काही आश्चर्य वाटत नाही, पहिल्यात चोर दिसतो तरी, निदान व्हिडिओत.

पैसे गेलेच तर १९३० ह्या सायबर हेल्पलाईनला फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना माहिती आहे. पण दुसरी एक गोष्ट आण्णांना सांगताना माझ्याच लक्षात आली. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणामुळं पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत, त्यापुढं बँकेच्या धोरणाप्रमाणं. स्वतः पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणजे घड्याळ मेसेज आल्यापासून पळायला लागतं.

आणि आण्णांच्या खात्याचे मेसेज येतात माझ्या फोनवर, पुण्याला. खातं ऑनलाईन करताना त्यांच्याकडं साधा फोन होता म्हणून सोयीसाठी माझा नंबर दिलेला, तसाच राहिला, आणि मी ते मेसेज न उघडता बाजूला सारतो कारण दिवसाला पन्नास येतात. साताऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं असंच असणार, कार्ड शाहूपुरीत आणि मेसेज हिंजवडीत. नंबर बदलायला खातेदारानं स्वतः शाखेत जायला लागतं, फॉर्म आणि आधारची झेरॉक्स घेऊन, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. मी सोमवारची सुट्टी टाकलीय. आण्णा म्हणाले, "दहाला उघडते, पावणेदहाला तिथं असू, नाहीतर पासबुकवाल्यांची लाईन लागते."